व्हिटॅमिन डी देऊनही पाय वाकलेलेच

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची, वजन १२ किलो. चालायला लागल्यापासून पाय बाकदार आहेत. मुडदूस म्हणून ६०,००० युनिटच्या व्हिटॅमिन डीच्या पुड्यांचा कोर्स दोनदा झाला, फरक नाही. फॉस्फरस २.८ आला, पण रिपोर्टवर तो 'नॉर्मल' आहे. यजमानांचेही पाय बाकदार आहेत, उंची बेताची. पुढे काय करावे?
— एक आई, सातारा

उत्तर : आधी रिपोर्टवरची मर्यादा पाहा. २.५ ते ४.५ छापले असेल, तर ती मोठ्या माणसांची आहे. या वयात फॉस्फरस ४ च्या आसपास किंवा वर हवा, २.८ चांगलाच कमी आहे. अनेक मुलांचे निदान नेमके याच छापील आकड्यामुळे लांबते.

वडिलांचे पाय पाहता संशय एक्सएलएचचा, म्हणजे एक्स गुणसूत्रावरून येणाऱ्या मुडदुसाचा आहे. पीएचईएक्स या जनुकात दोष असल्याने एफजीएफ-२३ हे हार्मोन वाढते आणि मूत्रपिंड फॉस्फेट लघवीवाटे सोडून देते. व्हिटॅमिन डीचे सक्रिय रूपही पुरेसे बनत नाही. म्हणून साध्या डीचा तिसरा कोर्स करू नका.

सकाळी उपाशीपोटी रक्त द्या : फॉस्फरस, कॅल्शियम, क्रिएटिनिन, अल्कलाइन फॉस्फटेज (मुडदुसात वाढणारे एन्झाइम), पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचे हार्मोन) आणि व्हिटॅमिन डी. त्याच वेळची लघवीही फॉस्फरस व क्रिएटिनिनसाठी द्या. दोन्ही नमुने वेगळ्या दिवसांचे असतील, तर गळतीचा हिशेब लागत नाही. सोबत गुडघ्याचा व मनगटाचा एक्स-रे.

उपचार मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांनीच सुरू करायचे, पण हिशेब तुम्हालाही ठाऊक हवा. फॉस्फरस दिवसाला किलोमागे २० ते ६० मिलिग्रॅम, म्हणजे १२ किलोला २४० ते ७२० मिलिग्रॅम. सुरुवात कमी मात्रेने. सोबत कॅल्सिट्रिऑल, म्हणजे व्हिटॅमिन डीचे सक्रिय रूप, दिवसाला किलोमागे २० ते ३० नॅनोग्रॅम, म्हणजे ०.२५ मायक्रोग्रॅमची साधारण एक कॅप्सूल. बाटलीवरचा आकडा 'फॉस्फेट'चा की 'फॉस्फरस'चा, हे विचारूनच घ्या : १ ग्रॅम फॉस्फरस म्हणजे सुमारे ३ ग्रॅम फॉस्फेट. इथे गल्लत झाली, तर डोस तिपटीने चुकतो.

फॉस्फरसचे दिवसातून चार ते सहा भाग करा. घेतल्यावर पातळी चढते आणि दीड-दोन तासांत उतरते, म्हणून दोनदाच भरपूर देणे फुकट जाते, शिवाय जुलाब होतात. जुलाब झाले तर औषध बंद न करता डॉक्टरांना विचारून भाग लहान करा, पाण्यात पातळ करा. दुधाबरोबर देऊ नका. कॅल्शियम फॉस्फेटला आतड्यातच बांधते. सगळ्यांत जास्त बुडतो तो शाळेतला किंवा पाळणाघरातला डोस, तेव्हा तिथे मापाची सिरिंज आणि वेळ लिहून द्या.

उपाशीपोटीचा फॉस्फरस 'नॉर्मल' करण्याच्या नादाला लागू नका. त्यासाठी डोस चढवत गेले की पॅराथायरॉइड ग्रंथी चेकाळतात आणि मूत्रपिंडात कॅल्शियम साचते. अल्कलाइन फॉस्फटेज उतरते का, पाय सरळ होतात का, उंची वाढते का, हे पाहायचे. दर तीन महिन्यांनी रक्त व लघवीतील कॅल्शियम आणि ठरावीक अंतराने मूत्रपिंडाची सोनोग्राफी, यात चालढकल नको.

बुरोसुमॅब हे एफजीएफ-२३ला अडवणारे इंजेक्शन मुलांना दर दोन आठवड्यांनी देतात. ते फार महाग आहे. ते सुरू करण्याआधी फॉस्फेट आणि कॅल्सिट्रिऑल थांबवावे लागतात, दोन्ही एकत्र चालत नाहीत.

प्रश्न : याच आजाराच्या आमच्या सात वर्षांच्या मुलाचे पाय ऑपरेशनने सरळ करून घ्यावेत का?

उत्तर : घाई नको. निदान वर्षभर औषध नीट पोटात गेल्यावर बाक किती राहतो ते पाहा. हाड मऊ असताना कापले तर बाक परत येतो. वाढ शिल्लक असेल तर गुडघ्याजवळ छोटी प्लेट बसवून वाढीला वळण देता येते, हाड कापावे लागत नाही.

प्रश्न : वडिलांना हा आजार आहे. दुसरे मूल झाले तर?

उत्तर : वडिलांकडून प्रत्येक मुलीला येतो, मुलाला नाही. आईला असेल तर मुलगा असो वा मुलगी, शक्यता निम्मी. आजाराची शक्यता असलेल्या बाळाचा पहिल्या काही आठवड्यांतला फॉस्फरस नॉर्मल असू शकतो, तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुन्हा तपासा. पहिल्या वाढदिवसाआधी औषध सुरू झालेल्या मुलांची उंची सहसा चांगली राहते. आणि वडिलांच्या दातांच्या मुळाशी कीड नसताना गळू होत असेल, तर तेही याच आजाराचे. दंतवैद्याला आजाराचे नाव सांगा.