फॉर्म्युला पाठ आहे तरी वर्गांच्या वजाबाकीचे अवयव का पडत नाहीत?

तुम्ही विचारलंय की मुलगी आठवीत आहे, अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) तोंडपाठ आहे, क्ष² − ९ पटकन सोडवते पण १६क्ष² − ८१ किंवा १२क्ष² − २७य² आलं की पेन थांबतो, आणि क्ष² + ९ चे अवयव का पडत नाहीत हे तिनं विचारलं तर काय सांगायचं.

मी सोलापुरात पूर्व भागात संध्याकाळी सातवी ते दहावीच्या पोरांचं गणित घेतो. बऱ्याच पोरांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, शाळा मराठी, त्यामुळं शाब्दिक उदाहरणात ती अडखळतात, पण बीजगणितात तसं काही आडवं येत नाही, तिथं सगळी एकाच ठिकाणी अडकतात आणि तुमची मुलगी पण तिथंच अडकलीय असं मला वाटतंय. फॉर्म्युल्यातले अ आणि ब हे तिला अक्षर म्हणूनच दिसतायत. क्ष² − ९ मध्ये ३ चा वर्ग ९ हे सवयीनं येतं, पण १६क्ष² बघितलं की ह्यातला अ कोणता तेच कळत नाही, मग कुणी (१६क्ष + ८१)(१६क्ष − ८१) लिहितं, कुणी वर्गमूळ काढायच्या ऐवजी १६ चं निम्मं करून ८क्ष लिहितं. ह्यावर मी एकच गोष्ट सक्तीनं करायला लावतो, पहिली ओळ रिकाम्या कंसांची लिहायची, ( )² − ( )², आणि मग स्वतःला विचारायचं की कशाचा वर्ग केला तर १६क्ष² येतं? ४क्ष चा. ८१ येतं? ९ चा. म्हणजे (४क्ष)² − (९)², पुढं (४क्ष + ९)(४क्ष − ९). ही मधली ओळ वाचवू देऊ नका, महिनाभर तरी नाही.

पण त्याच्या आधी हे सूत्र खरं का आहे ते तिनं एकदा हातानं करून बघायला पाहिजे, ह्याला मी फार महत्त्व देतो. जुन्या कॅलेंडरच्या कागदाचा १० सेंमी बाजूचा चौरस कापा. त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून ४ सेंमीचा छोटा चौरस कापून काढा. १०० मधून १६ गेले, ८४ उरले, पण उरलेला तुकडा वाकडा, काटकोनासारखा. आता तो आडवा कापा, बरोबर कापलेल्या कोपऱ्याच्या खालच्या रेषेत. खाली १० × ६ ची पट्टी आली आणि वरती ६ × ४ चा तुकडा. तो वरचा तुकडा फिरवून उभा करा आणि पट्टीच्या शेजारी लावा, दोघांची उंची ६ च असल्यामुळं नीट जुळतात आणि १४ × ६ चा सरळ आयत तयार होतो. १४ म्हणजे १० + ४, ६ म्हणजे १० − ४. पोरं हे बघून परत एकदा मोजतात, मोजू द्या.

१२क्ष² − २७य² मध्ये अडचण वेगळी आहे, १२ पण पूर्ण वर्ग नाही आणि २७ पण नाही. इथं आधी सामाईक काय निघतंय ते बघायचं, ३ बाहेर काढला की ३(४क्ष² − ९य²), आणि आतलं सरळ आहे, ३(२क्ष + ३य)(२क्ष − ३य). सामाईक अवयव आधी, सूत्र नंतर, हा क्रम चुकला की पेपरात हमखास मार्क जातात. तसंच शेवटी परत एकदा आत डोकावायचं, क्ष⁴ − १६ चे (क्ष² + ४)(क्ष² − ४) करून पोरं खुश होऊन थांबतात पण दुसरा कंस अजून फुटतो, (क्ष² + ४)(क्ष + २)(क्ष − २).

मग (क्ष² + ४) का फुटत नाही, म्हणजे तुमचा क्ष² + ९ वालाच प्रश्न. समजा (क्ष + प)(क्ष + फ) असे अवयव आहेत. गुणाकार केला की मध्ये (प + फ)क्ष येतं, ते आपल्याला नकोय, म्हणून प आणि फ एकमेकांचे विरुद्ध पाहिजेत, ३ आणि −३ सारखे. पण विरुद्ध चिन्हांच्या संख्यांचा गुणाकार ऋणच येणार, अधिक ९ येईल कुठून? मधलं पद उडवायचं तर शेवटचं पद वजाच येतं, म्हणून हे सूत्र वजाबाकीलाच चालतं. अधिक वालं तिला नुसतं पाठ करायला लावू नका, हे कारण सांगा, आठवीच्या पोरांना ते नीट कळतं.

तोंडी हिशोबाला पण लावा, ५३ × ४७ म्हणजे ५० चा वर्ग वजा ३ चा वर्ग, २५०० − ९, उत्तर २४९१. आणि उलट्या बाजूनं विचारा की ८९९ मूळ संख्या आहे का, ३०² − १² दिसलं की २९ आणि ३१ समोर येतात. आपल्याकडं भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराला लीलावतीत ह्यावरच उदाहरण घातलंय, दोन संख्यांमधला फरक ८ आणि त्यांच्या वर्गांमधला फरक ४००, तर संख्या सांगा. ४०० ला ८ नं भागा, बेरीज ५० मिळाली, बेरीज आणि फरक दोन्ही हातात आले की संख्या २९ आणि २१. आजच्या आठवीच्या मुलीला हे पाटी न घेता जमतं, तिला जरूर विचारा.

हे सगळं हातात बसलं की मग क्ष⁴ + ४ द्या. ती लगेच म्हणेल अधिक आहे, फुटणार नाही. ४क्ष² मिळवा आणि तेवढेच वजा करा, (क्ष² + २)² − (२क्ष)² होतं, आणि मग (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २). विश्वास बसला नाही तर क्ष च्या जागी १० टाकून बघू दे की, १२२ × ८२ = १०००४.