एचआयव्हीच्या गोळ्या चालू असताना अँटासिड, कॅल्शियम घेतलं तर चालतं का?

चालतं, पण घड्याळ बघून. तुमची डोल्युटेग्राविर ही एचआयव्हीची गोळी महिन्याभरापूर्वी सुरू झाली आणि छातीत जळजळतं म्हणून रोज रात्री तिच्याचबरोबर अँटासिड घेता, असं तुम्ही लिहिलंय. हे एकत्र घेणं आजच थांबवा. सुरुवातीला मीही हेच करत होतो. डॉक्टरांनी "आणखी काही औषधं?" असं विचारलं की बिनदिक्कत "नाही" म्हणायचो, कारण अँटासिडला मी औषधांत धरतच नव्हतो.

अँटासिडमधलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम पोटातच डोल्युटेग्राविरला धरून ठेवतं. मग ते रक्तात फार कमी उतरतं. म्हणून एचआयव्हीची गोळी अँटासिडच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्यायची. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम, फक्त एक सवलत आहे: जेवणासोबत घेतलं तर दोन्ही एकदम चालतं. मल्टिव्हिटॅमिनच्या डब्यावरही ही खनिजं शोधा.

ॲसिडिटीच्या ओमेप्राझोलचा डोल्युटेग्राविरला त्रास नाही. पण रिल्पिविरिन ही एचआयव्हीची दुसरी गोळी घेणाऱ्याला तेच ओमेप्राझोल वर्ज्य! त्यामुळे दुसऱ्याचा सल्ला, अगदी माझाही, पाळण्याआधी आपल्या स्ट्रिपवरचं नाव वाचा.

मधुमेह असेल तर मेटफॉर्मिनबद्दल आवर्जून विचारा. डोल्युटेग्राविरमुळे ते रक्तात वाढतं, म्हणून बहुधा दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या आतच ठेवतात. टीबीचं रिफाम्पिसिन याच्या उलट वागतं. ते यकृताला इतकं कामाला लावतं की डोल्युटेग्राविर लवकर संपते, आणि 50 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागते. फिट्सच्या कार्बामाझेपिन, फेनिटॉइनचंही तसंच. सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी तर 'नैसर्गिक' म्हणून विकतात, पण तेही याच जातीचं. एचआयव्हीच्या गोळीत टेनोफोविर हे औषध असेल तर अंगदुखीवर डायक्लोफेनॅक दिवसच्या दिवस खाऊ नका, किडनीवर ताण येतो.

रिटोनाविर असलेल्या एचआयव्हीच्या औषधांची गोष्ट वेगळी. ते यकृताचं काम अडवतं आणि इतर औषधं अंगात साचत जातात. दम्याच्या पंपातलं किंवा नाकात मारायच्या स्प्रेमधलं फ्लुटिकासोनसुद्धा. स्प्रेला औषध कोण म्हणतं, पण त्याच्यामुळे चेहरा सुजू शकतो, साखर वाढू शकते.

दाताच्या किंवा त्वचेच्या डॉक्टरांना एचआयव्हीबद्दल सांगायचा संकोच मी समजू शकतो, मीही टाळलंय. अशा वेळी त्यांनी दिलेल्या चिठ्ठीचा फोटो काढून आधी एआरटीच्या (एचआयव्ही उपचारांच्या) डॉक्टरांना दाखवायचा, मगच गोळी गिळायची.

आणि या गेल्या महिन्याची भरपाई म्हणून दोन-दोन गोळ्या घेऊ नका. घाबरून गोळी बंदही करू नका. हिपॅटायटिस बी सोबत असेल तर अचानक बंद केल्यावर यकृत बिघडू शकतं. पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना अँटासिडचं सांगा, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) कधी तपासायचा ते त्यांना ठरवू द्या.