ब्राझीलला येताना गोधडी आणा

तुम्ही विचारलंय, मिस्टरांची बदली आधी मानाउसला आणि मग बहुतेक कुरितिबाला होणार, देश उष्ण आहे म्हणजे हवा आपल्यासारखीच ना? मुलगा तिसरीत आहे, करमेल का? अगदी याच क्रमाने आम्ही इथे आलो, म्हणून लिहायला बसले. व्हिसाचं कंपनी सांगेलच, ते सोडते.

हवा एक नाही. मानाउस विषुववृत्तापासून जेमतेम ३ अंशांवर. बारा महिने दुपारी ३१ ते ३३ अंश, रात्रीही अंगाला घाम. डिसेंबर ते मे धो धो पाऊस, आणि त्या पावसालाच तिथले लोक ‘हिवाळा’ म्हणतात, कॅलेंडरात उन्हाळा असला तरी (इथे ऋतू उलटे, डिसेंबरात उन्हाळा, जुलैत हिवाळा). डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, चामडी चपला आठवडाभर कपाटात राहिल्या की पांढरी बुरशी. पाऊस कमी झाला तरी तिथली रिओ नेग्रो नदी चढतच असते, कारण पाणी फार लांबून येतं. जूनच्या सुमारास ती सगळ्यात भरलेली असते. बंदराच्या भिंतीवर दर वर्षीच्या पुराची पातळी लिहिलेली आहे. २०२१ सालची ३०.०२ मीटर.

कुरितिबा २५ अंश दक्षिणेला आणि समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच. जुलैत सकाळी गवतावरचं दव गोठून पांढरं होतं. २०१३ मध्ये तर बर्फही पडला होता. बहुतेक घरांत हीटर नसतो, खाली थंडगार फरशी. पहिल्या जुलैत लेक स्वयंपाकघरात शेगडीजवळ, आईने शिवलेली गोधडी पांघरून गृहपाठ करायची, फक्त पेन्सिलीचा हात बाहेर. स्वेटर इथे मिळतात. गोधड्या मात्र दोन आणाच, वजनाचा विचार करू नका.

इथे कुरितिबात पाऊस कुठल्याही महिन्यात येतो. पण पावसाळा येत नाही. कोणी त्याची वाट बघत नाही. मला हे सगळ्यात जड गेलं आणि अजून जातं.

आता शाळा. इथलं वर्ष फेब्रुवारीत सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपतं. आम्ही मे महिन्यात आलो. लेक तिसरी पास झालेली, जूनमध्ये चौथीत जायचं म्हणून नवं दप्तर, नवा रेनकोट घेऊन आलेली. शाळेने भाषा येत नाही म्हणून तिला दुसरीत बसवलं, तेही अर्ध्या वर्षात. गणितात ती वर्गाच्या कितीतरी पुढे होती. बाईंना ते दिसतही होतं, पण कागदावर ‘दुसरी’ लागलेलं होतं. घरी येऊन तिने रेनकोटची घडी केली आणि विचारलं, “आई, मी नापास झाले का?” सहा वर्षं झाली, तो प्रश्न माझ्या कानातून जात नाही.

कागदांचंही तसंच. लेकीच्या जन्मदाखल्यावर माझं नुसतं नाव, पासपोर्टवर लग्नानंतरचं पूर्ण नाव. ही दोन माणसं एकच आहेत हे पटवायला तीन फेऱ्या झाल्या. मुलाचा दाखला आत्ताच तपासा, नावं जुळत नसतील तर तिथेच दुरुस्त करून घ्या. आधी अपोस्टिल करा, म्हणजे दाखला परदेशात चालावा म्हणून भारत सरकारचा शिक्का. भाषांतर त्यानंतर, आणि तेही इथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच, म्हणजे अपोस्टिलच्या पानाचंही होतं.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. भाषा आली की कमी होतो. भारत कुरितिबाच्या साडेआठ तास पुढे, मानाउसच्या साडेनऊ, त्यामुळे आईला फोन इथल्या सकाळीच करा, आपली संध्याकाळ झाली की तिकडे ती झोपलेली असते.

मुलाला शक्यतो जानेवारीत घेऊन या, वर्षाच्या सुरुवातीला वर्ग मिळेल. आणि शाळेने पुढे केलेल्या कागदावर लगेच सही करू नका. चौथीची पुस्तकं दाखवा, गणिताची परीक्षा घ्या म्हणा, आठवडा मागून घ्या. मी दहा मिनिटांत सही केली होती. पोर्तुगीज वाचता येत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली.