विमान पडलं, वैमानिक वाचला, पुढे काय?

प्रश्न: परवा खडकीच्या वॉर सिमेट्रीत गेलो होतो, तेव्हापासून डोक्यात घोळतंय. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात विमान पडलं आणि वैमानिक वाचला, तर तो परत कसा यायचा? भाषा येत नाही, अंगावर युनिफॉर्म.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: तो एकटा यायचाच नाही हो, त्याला आणावं लागायचं. बेल्जियममधली आंद्रे द याँग, सगळे तिला डेडे म्हणायचे, 1941 मध्ये वय जेमतेम 24, तिने ब्रसेल्सपासून तटस्थ स्पेनपर्यंत माणसांची साखळी उभी केली, तीच कॉमेट लाइन. एका घरात लपवायचं, दुसरीकडे साधे कपडे, तिसरीकडे खोटी कागदपत्रं, मग रेल्वेने पॅरिस आणि तिथून पार दक्षिणेला. भाषेचं म्हणाल तर गाडीत बोलायचंच नाही, सोबतची मुलगी बोलेल, आणि सिगरेट कशी धरायची, खिशातली नाणी खुळखुळवायची नाहीत इथपर्यंत शिकवायचे, कारण चालण्या-बसण्यावरूनही माणूस ओळखू येतो. शेवटी रात्री दोरीच्या तळव्यांच्या चपला घालून फ्रान्स-स्पेन सीमेवरचे पिरेनीज डोंगर, पुढे बिदासोआ नदी, आणि वाट दाखवायला फ्लोरेंतिनो गोइकोएचिया हा बास्क स्मगलर! डेडेने स्वतः 118 जणांना पार नेलं असं सांगतात. जानेवारी 1943 मध्ये पकडली गेली, छळछावणीतून जिवंत परतली, पण वडिलांना जर्मनांनी गोळ्या घातल्या. लपवणाऱ्यांपैकी शंभराहून जास्त लोक जिवानिशी गेले, त्यांची आठवण वैमानिकांइतकीच काढली पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण पकडलेला वैमानिक निदान युद्धकैदी तरी ठरायचा, यांना ती सोय नव्हती.

साखळी नसली की काय होतं ते आपल्या पुण्यात राहिलेल्या, 1971 च्या युद्धात पाकिस्तानात पकडल्या गेलेल्या भारतीय वैमानिक दिलीप पारुळकरांच्या गोष्टीत दिसतं. ऑगस्ट 1972, रावळपिंडीच्या कैदेतून भिंत फोडून ते आणि सोबतचे वैमानिक ग्रेवाल, हरीश सिंहजी निसटले, बसने पेशावर, पुढे लंडी कोतल, अफगाण सीमा अगदी हाताशी. तिथे त्यांनी लंडी खानाला कसं जायचं विचारलं, नकाशात स्टेशन होतं ना, पण ते 1932 मध्येच बंद पडलेलं, तिथेच संशय आला आणि तिघं पकडले गेले. त्या गावात आधीच कानात सांगणारं आपलं एकही माणूस नव्हतं. सुटका झाली ती 1 डिसेंबर 1972 ला.