'सामील झाला' की बळकावला? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुन्या पुस्तकांत '१९४० साली लिथुआनिया सोव्हिएत संघात सामील झाला' असे वाचले होते. आता सगळीकडे 'बळकावला' असे दिसते. बरोबर काय?

उत्तर : बळकावला. ऑगस्ट १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघाने गुप्त कलमे करून मधले देश वाटून घेतले. लिथुआनिया आधी जर्मनीच्या वाट्याला होता. २८ सप्टेंबरच्या दुसऱ्या करारात त्याचा बहुतेक भाग मॉस्कोकडे गेला. ऑक्टोबरात सोव्हिएत लष्कराचे तळ देशात आले. १४ जून १९४० च्या रात्री मॉस्कोचा निर्वाणीचा खलिता मिळाला आणि दुसऱ्या दिवशी रणगाडे आत शिरले. जुलैच्या निवडणुकीत उमेदवारांची एकच यादी होती आणि विलीनीकरणाचा मुद्दा मतदारांपुढे ठेवलाच नव्हता. ३ ऑगस्टला मॉस्कोने विलीनीकरणाची 'विनंती' मंजूर केली. अमेरिकेने ते कधीच मान्य केले नाही. वॉशिंग्टनमधली लिथुआनियाची वकिलात पुढची पन्नास वर्षे चालू राहिली.

प्रश्न : सोव्हिएत सत्तेने लिथुआनियातून केलेल्या हद्दपारीच्या वेळी लोकांना सामान नेता येत होते का? बाप आणि मुले वेगळी कशी झाली?

उत्तर : १४ जून १९४१ पासून चार-पाच दिवसांत सुमारे १७,००० माणसे नेली. शिक्षक, अधिकारी, शेतकरी, पक्षांचे कार्यकर्ते, त्यांची बायकामुले. त्यांत ज्यू आणि पोलिश कुटुंबेही होती. लेखी सूचनेप्रमाणे कुटुंबामागे १०० किलोपर्यंत सामान चाले : कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी, महिनाभराचा शिधा.

ताटातुटीची तजवीज त्याच सूचनेत होती. घरातून स्थानकापर्यंत सगळ्यांना एकाच गाडीतून आणायचे. पुढे वेगळे करणार हे सांगायचे नाही. फक्त पुरुषाने आपले कपडे वेगळ्या पेटीत भरावेत, कारण 'पुरुषांची आरोग्य तपासणी वेगळी होणार आहे' असे सांगायचे. बायको पेटी भरून देई. नवरा दुसऱ्या डब्यात जाणार, हे तिला स्थानकावर कळे. पुरुष उरल आणि क्रास्नोयार्स्ककडच्या श्रमछावण्यांत गेले, बायकामुले बहुतेक दक्षिण सायबेरियातल्या अल्ताईत. १९४२ मध्ये त्यांतल्या काहींना आर्क्टिकमधल्या लाप्तेव समुद्राच्या काठी मासेमारीला नेले. तिथल्या पहिल्या हिवाळ्यात भूक, थंडी आणि स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाअभावी होणाऱ्या रोगाने) फार माणसे दगावली. सर्वांत मोठी हद्दपारी मात्र मे १९४८ ची, सुमारे ४०,००० जणांची.

प्रश्न : छापखाने सरकारच्या ताब्यात असताना 'लिथुआनियातील कॅथलिक चर्चचे इतिवृत्त' हे चर्च आणि श्रद्धावंतांच्या छळाची नोंद ठेवणारे गुप्त नियतकालिक सतरा वर्षे कसे निघाले?

उत्तर : टाइपरायटर आणि कार्बनपेपर यांवर. पहिला अंक १९ मार्च १९७२ चा; १९८९ पर्यंत ८१ अंक निघाले. कागद पातळ, म्हणजे एका खेपेत जास्त प्रती निघतात. पण खालची प्रत इतकी फिकट येते की अक्षर लावून वाचावे लागते. प्रत हाती आलेला माणूस ती पुन्हा टाइप करून पुढे देई. धोका यंत्राचाच होता. प्रत्येक टाइपरायटरची एखादी खूण असते : झिजलेला 'ए', ओळीच्या वर उडणारा 'टी'. त्यावरून केजीबी, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलीस, यंत्रापर्यंत आणि यंत्रावरून माणसापर्यंत पोहोचे.

मजकुरात भाषणबाजी नसे. कोणत्या गावात, कोणत्या तारखेला, कोणत्या शिक्षकाने चर्चमध्ये जाणाऱ्या मुलाला काय विचारले, कोणत्या घराची झडती झाली, एवढेच. एक तपशील चुकला असता तर 'बदनामीकारक खोटेपणा' हा सरकारचा आरोप खरा ठरला असता, म्हणून तपासून घेण्यावर सगळा भर. आमच्या मते इतिवृत्ताचे खरे बळ या काटेकोरपणात आहे.

देशाबाहेर मजकूर जाई तो बहुधा मायक्रोफिल्मवर, मॉस्कोतल्या रशियन असंतुष्टांमार्फत. मग व्हॅटिकन रेडिओ आणि अमेरिकेच्या पैशावर चालणारा रेडिओ लिबर्टी तो लिथुआनियन भाषेत परत ऐकवत, आणि ज्या गावाला प्रत मिळाली नव्हती तिथे बातमी आकाशवाटे येई.

किंमत जबर होती. नियोले सादूनाइते यांना ऑगस्ट १९७४ मध्ये अकरावा अंक टाइप करताना पकडले : तीन वर्षे श्रमछावणी, तीन वर्षे हद्दपारी. मदत करणारे रशियन शास्त्रज्ञ सेर्गेई कोवाल्योव्ह यांच्यावर राजधानी विल्नियसमध्ये खटला चालला : सात वर्षे छावणी, तीन वर्षे हद्दपारी. संपादक, धर्मगुरू सिगितास तामकेविचियुस १९८३ मध्ये पकडले गेले : सहा वर्षे छावणी, चार वर्षे हद्दपारी. पुढचा अंक दुसऱ्यांनी काढला.