मॉर्टिन ओ काइनची खाजगी कागदपत्रं पाहायला डब्लिनला जावं का?

तुम्ही विचारलंय की या आयरिश कादंबरीकारावर मराठीत लिहायचंय, आयरिश येत नाही, तरी त्याची खाजगी कागदपत्रं पाहण्यात अर्थ आहे का?

तूर्त तिकीट काढू नका. त्याचे कागद डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात, हस्तलिखितांच्या विभागात आहेत. आधी कळवलं आणि ओळखपत्र नेलं की संशोधकाला ते बघता येतात. शाईचं पेन मात्र चालत नाही, पेन्सिल न्यायची. खरी अडचण भाषेची. ओ काइन आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कॉनेमाराच्या किनाऱ्यावरचा, जन्म १९०६ चा. त्याचं आयरिश अस्सल गावाकडचं, वर जुन्या वाङ्मयात मुरलेलं. अख्खी शाळा आयरिश शिकत काढलेले डब्लिनकरही त्याच्या छापील पानावर अडखळतात, मग हस्ताक्षराचं काय बोलावं!

पण ‘नुसती टाचणं आणि बिलंच असतील ना’ असं तुम्ही जे म्हणता, ते मला पटत नाही. मोठ्या भाषेतल्या लेखकाचं बहुतेक सगळं छापलं जातं, कागदांत उरतो तो पसारा. आयरिशमध्ये वाचक मोजके आणि प्रकाशक त्याहून मोजके, त्यामुळे अख्खी पुस्तकंच कागदांत राहून जातात. ‘क्रे ना किल्ये’ ही त्याची गाजलेली कादंबरी १९४९ ची. त्यात सगळी पात्रं मेलेली, कबरीत पडल्या पडल्या भांडतात आणि वर गावात काय चाललंय याच्या चौकश्या करतात. त्यानंतरची एक कादंबरी त्याच्या हयातीत छापलीच गेली नाही. ‘बार्ब्ड वायर’ ही आणखी एक बाहेर आली २००२ मध्ये. तो गेला १९७० ला!

दुसरं म्हणजे, माणसाच्या कागदांत त्याला आलेली पत्रं असतात. त्याने लिहिलेली दुसऱ्यांच्या घरी. आयरिश रिपब्लिकन आर्मी या बंदी असलेल्या सशस्त्र संघटनेशी संबंध असल्यामुळे १९३६ मध्ये त्याची शिक्षकाची नोकरी गेली (तेव्हा गावच्या शाळेचा कारभार पाद्र्याकडे असे). पुढे १९४० ते १९४४ खटल्याशिवाय कराहच्या लष्करी छावणीत स्थानबद्ध. तिथे तो इतर कैद्यांना आयरिश शिकवायचा आणि तोमास बॅरेड या लेखकमित्राला पत्रं लिहायचा. बॅरेडने ती जपली म्हणून १९७३ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. माझ्या मते त्याला ओळखायला कादंबरीनंतर हीच पत्रं. अर्थात छावणीतून जाणारं प्रत्येक पत्र सरकारी माणूस आधी वाचत असे, हे धरूनच वाचायची.

चळवळीचं तर आणखी पांगलेलं. आयरिश बोलणाऱ्या गरीब शेतकऱ्यांना चांगली जमीन द्या, या मागणीत तो पुढे होता. १९३५ मध्ये कॉनेमारातली २७ कुटुंबं पूर्वेकडे मीथ परगण्यात राह-कार्न इथे वसवली गेली, तिथे आजही आयरिश बोललं जातं. या वाटपाचे सरकारी कागद लँड कमिशनचे, आणि ते सर्वसामान्यांना सहजी बघायला मिळत नाहीत. म्हणजे मागणी करणाऱ्याचे कागद खुले आणि जमीन देणाऱ्याचे कुलपात. ट्रिनिटीतल्या पेट्यांवरून चळवळीचा इतिहास लिहू गेलात तर एकाच बाजूचं लिहाल.

तर आधी ‘क्रे ना किल्ये’ची दोन्ही इंग्रजी भाषांतरं शेजारी ठेवून वाचा. २०१५ चं अॅलन टिटली यांचं मोकाट आहे, शिव्याही मनसोक्त. २०१६ चं मॅक कोन इओमेर आणि टिम रॉबिन्सन यांचं मूळाला धरून चालणारं. मला टिटलींचं आवडतं, पण उद्धृत करायला दुसरं बरं. नंतर डब्लिनला जायचं ठरलंच, तर आयरिश वाचणारा कुणीतरी सोबत घ्या.

आणि त्याचा एखादा अप्रकाशित कागद मराठीत आणून छापायचा असेल तर वारसांची परवानगी लागेल. आयर्लंडमध्ये स्वामित्वहक्क मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो, म्हणजे इथे २०४० संपेपर्यंत.