गुंड्या जेवत नाहीये, आता काय करू?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही इंग्लंडमधे मिल्टन कीन्सला राहतो. मुलगा १४ वर्षांचा, तीन वर्षं हट्ट करून करून शेवटी ऑक्टोबरमधे वाढदिवसाला त्याला रॉयल पायथन (अजगराच्या जातीचा साप) घेऊन दिला, नाव ठेवलंय गुंड्या. चार महिन्यांचा आहे, आणला तेव्हा ११८ ग्रॅम होता. आज पाच आठवडे झाले, पठ्ठ्याने एक घास खाल्लेला नाही. दुकानात म्हणाले होते की रॅट पप (उंदराचं पिल्लू) मस्त खातो. आम्ही फ्रोझन उंदीर आणलेत, छोटे पांढरे, दर दोन दिवसांनी समोर धरतो तर हा डोकं आत घालून गोळा होऊन बसतो. टाकी काचेची, तीन फुटी, हॉलमधे टीव्हीच्या बाजूला, खाली हीट मॅट आहे, काचेवरचा थर्मामीटर २६-२७ दाखवतो, लपायला एक लाकडी बोगदा आहे. मुलगा रोज संध्याकाळी त्याला हातावर घेऊन बसतो, लळा लागावा म्हणून. सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्या म्हणतात वाटीभर दूध ठेवून बघा, आणि बाप्पाचं वाहन फ्रीझरमधे मोदकांच्या शेजारी ठेवलं म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या ते वेगळंच. आता मुलगा पण धड जेवत नाहीये. यूट्यूबवर तोंड उघडून भरवताना दाखवतात, तसं करू का?
— एक वैतागलेली आई

उत्तर : नका करू! आणि आधी मुलाला जेवायला बसवा, गुंड्याला एवढी घाई नाहीये.

थट्टा नाही करत. रॉयल पायथन, म्हणजे बाकीचे लोक ज्याला बॉल पायथन म्हणतात तोच, उपासासाठी बदनाम आहे. हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन त्या पट्ट्यात भरपूर, दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात दडून बसायचं आणि अंधार पडला की बाहेर यायचं. मोठा धडधाकट साप तीन-चार महिने आरामात न खाता काढतो. माझा एक नर दर नोव्हेंबरला जेवण सोडतो ते मार्चपर्यंत बघायचं नाव नाही, पहिल्या वर्षी मी रडकुंडीला आले होते, आता फक्त दर रविवारी वजन लिहून ठेवते. पिल्लाकडे साठा कमी असतो त्यामुळे तुम्ही विचारलंत ते बरंच केलंत, पण पाच आठवड्यात घाबरायचं कारण नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला नाही वाटत गुंड्याला भूक नाहीये. त्याला थंडी वाजतेय आणि तो घाबरलाय.

थंडीचं आधी. काचेला चिकटवलेला थर्मामीटर काचेचं तापमान सांगतो, साप जिथे पोट टेकून बसतो तिथलं नाही. त्यामुळे २६-२७ हा आकडा आपल्या काहीच कामाचा नाही. वायरवाला डिजिटल प्रोब थर्मामीटर घ्या आणि उबदार बाजूच्या जमिनीवर ठेवून बघा, तिथे ३१-३२ पाहिजे, दुसऱ्या टोकाला २५-२६. सापाला स्वतःची ऊब नसते, बाहेरून ऊब मिळाली तरच पोटातलं पचतं, नाहीतर गिळलेला उंदीर आतच सडतो आणि तो ओकून टाकतो. म्हणून शरीरच म्हणतं की नको बाबा. आणि तुमच्याकडे रात्री सेंट्रल हीटिंग बंद होत असणारच, सगळेच करतात, बिल कोणाला परवडतंय! म्हणजे ज्या वेळी हा शिकारीला उठतो नेमकी तेव्हाच टाकी गार. रात्री अकराला आणि पहाटे पाचला मोजून बघा म्हणजे कळेल.

मॅट थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमान आपोआप सांभाळणाऱ्या यंत्राला, जोडली आहे ना? पत्रात लिहिलेलं नाही म्हणून विचारतेय. नसेल तर आजच जोडा. आणि त्याचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) कधीही सैल सोडू नका, माझ्याकडे तो एकदा सरकून पाण्याच्या भांड्यात पडला, थर्मोस्टॅटला वाटलं थंड आहे, त्याने मॅट तापवत ठेवली आणि सापाचं पोट भाजलं. खपल्या जायला तीन वेळा कात टाकावी लागली. चिकटपट्टीने मात्र लावू नका, सापाला चिकटली की कातडी सोलून निघते, केबलच्या क्लिपने बसवा.

आता भीती. चारी बाजूंनी काच, बाजूला टीव्ही, समोरून माणसं ये-जा करतायत, आणि लपायला बोगदा, तोही दोन्ही टोकांनी उघडा. बिळात राहणारा प्राणी हा! आपल्याला कोणी भर चौकात पान मांडून जेव म्हटलं तर घास उतरेल का? टाकी मुलाच्या खोलीत न्या, तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावा, आत प्लॅस्टिकची पानं, पुठ्ठ्याच्या नळ्या, सुकी पानं असं काहीही भरा, मोकळी जमीन दिसता कामा नये. लपायच्या जागा दोन, एक उबदार बाजूला एक गार बाजूला, दोन्ही सारख्या आणि अगदी घट्ट, म्हणजे वेटोळं घातलं की अंग सगळीकडून भिंतीला लागलं पाहिजे. महागाचं काही नको, दहीचा डबा पालथा घालून कडेला एक दार कापा, कड घासून घ्या. ह्युमिडिटी ५५ ते ६५ टक्के ठेवा, हिवाळ्यात हीटिंगमुळे हवा फार कोरडी होते.

आणि चिरंजीवांना सांगा, दहा दिवस हात लावायचा नाही. अजिबात नाही. पाणी बदलायचं, घाण काढायची, आठवड्यातून एकदा वजन, बास. सापाला लळा लागत नाही, सवय होते, आणि ती पोट भरलेलं असेल तरच. दर दोन दिवसांनी उंदीर नाचवणं पण बंद, त्याच्या दृष्टीने ते रोजचं छळणं आहे.

दहा दिवसांनी एकदाच प्रयत्न करायचा, नाही खाल्लं तर पुढचा सात दिवसांनी. आणि इथे एक गंमत तुमच्या लक्षात आली नाहीये. दुकानदाराने सांगितलं रॅट पप, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराचं पिल्लू, आणि तुम्ही देताय माऊस, म्हणजे छोटा उंदीर! मराठीत दोन्ही उंदीरच, पण गुंड्यासाठी एक आईच्या हातची भाकरी आणि दुसरा ब्रेड. हे साप एका वासाला चटावले की दुसरं ओळखतच नाहीत. रॅट पपच आणा, सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा जाड, वजनाने सापाच्या १० ते १५ टक्के म्हणजे गुंड्याला साधारण १२ ते १८ ग्रॅमचा.

तो द्यायचा कसा तेही सांगते, कारण निम्म्या लोकांचं इथेच चुकतं. रात्रभर फ्रिजमधे वितळू द्या, मग झिपच्या पिशवीत घालून गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, मायक्रोवेव्ह चुकूनही नाही, फुटतो तो, साफसफाई कोण करणार. पोट दाबून बघा, आत बर्फाची गाठ लागता कामा नये. कागदाने कोरडा करा. आणि देण्याच्या आधी अर्धा मिनिट हेअर ड्रायर फक्त डोक्यावर मारा, ३७-३८ डिग्री झालं पाहिजे. रॉयलच्या ओठांवर बारीक खाचा असतात, त्यातून तो ऊब 'बघतो', कोमट उंदीर त्याला दगडासारखा. खोलीत दिवा बंद, फक्त पॅसेजमधला उजेड. लांब चिमट्याने पाठीच्या कातडीला धरा आणि डब्याच्या दारापासून चार-पाच इंचावर जमिनीलगत हळूहळू चालवा, नाकाशी कोंबू नका. आधी जीभ बाहेर येईल, मग जिभेचा वेग वाढेल, मान मागे खेचून तो वळणाची घडी घालेल आणि मग सगळे पुतळ्यासारखे उभे राहा, मोबाईल पण नको. दोन सेकंदात होईल नाहीतर वीस मिनिटं लागतील. पकडला की चिमटा सोडून बाहेर या. पुढे ४८ तास हात नाही.

नाहीच घेतला तर डब्याच्या दाराशी झाकणावर ठेवून द्या, टाकी बंद करा, झोपा. सकाळी आहे तसा असेल तर फेकून द्या, परत फ्रीझरमधे नाही. डोळे दुधी-निळसर झाले असतील तर कात टाकेपर्यंत काहीच देऊ नका. अजून एक उपाय म्हणजे जर्बिलच्या (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) पिंजऱ्यातला मूठभर भुसा पिशवीत घालून त्यात पप घोळवणं, हट्टी सापसुद्धा यावर उठतात. मल्टीमामेट जातीचे उंदीर मिळतात तेही, या सापांचं आफ्रिकेतलं खरं अन्न, पण मी ते शेवटी ठेवीन, एकदा चटक लागली की मग दुसरं काही चालत नाही आणि ते दर वेळी मिळत नाहीत. जिवंत उंदीर नको, कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाला चावून रक्तबंबाळ करतो.

दूध नाही. सासूबाईंना सांगा, गारुडी सापाला आधी दिवसेंदिवस तहानलेला ठेवतो म्हणून तो वाटीत तोंड घालतो, त्याला ते पचत नाही. पण मोदकांच्या बाबतीत त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे! या उंदरांवर साल्मोनेला असू शकतो आणि तो फ्रीझरमधे मरत नाही. वेगळा झाकणाचा डबा करा, गरम पाण्याचं भांडं वेगळं, स्वयंपाकाच्या सिंकमधे काही धुवायचं नाही, नंतर साबणाने हात. त्यांची माफी मागून टाका.

वजन दर आठवड्याला एकाच दिवशी, ग्रॅमवाल्या काट्यावर, डब्यात ठेवून, अर्ध्या मिनिटात परत आत. १०६ ग्रॅमच्या खाली गेलं, किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, नाकातोंडाशी बुडबुडे, ओकारी, यातलं काहीही दिसलं तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे, कुत्र्यामांजरांच्या नाही. तोंड उघडून भरवायचं की नाही ते तिथे ठरेल, घाईघाईत घरी केलं तर तोंड फाटतं आणि पुढे महिनाभर तो तुमच्या सावलीला पण घाबरतो.

बाय द वे, हे साप २०-३० वर्षं सहज जगतात. अमेरिकेत सेंट लुईसच्या झूमधल्या मादीने २०२० मधे साठी ओलांडल्यावर अंडी घातली होती. म्हणजे चिरंजीव चार वर्षांनी युनिव्हर्सिटीला जातील आणि गुंड्या तुमच्याकडे राहील, तेव्हा चिमटा धरायला तुम्ही पण शिकून घ्या.

प्रश्न : आमच्या भाच्याने (नाशिक) भिंतीवर सापडलेला कवड्या (बिनविषारी साप) बरणीत ठेवलाय, चार दिवस झाले, चिकनचे तुकडे टाकले तरी खात नाही. काय द्यावं?

उत्तर : काही देऊ नका, १९२६ ला फोन करा, वनविभागाची हेल्पलाईन आहे, माणूस येऊन घेऊन जाईल. कवड्या रात्री फिरून पाली खातो, बरणीत बसून चिकन नाही. आणि आपल्याकडचे साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, भाचा लहान असला तरी घर मोठ्यांचं आहे. मला खरी भीती वेगळीच वाटतेय, तो कवड्याच आहे हे ठरवलं कोणी? कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, विषारी मण्यारचे उलटे, डोक्यामागे थोडी जागा कोरी आणि शेपटीकडे स्पष्ट. पिल्लात भलेभले फसतात. मण्यार चावल्याचं कित्येकदा कळतही नाही, दुखत नाही, सूज नाही. त्यामुळे बरणी उघडून पट्टे मोजायला जाऊ नका, झाकण घट्ट, वर कापड टाका आणि आत्ता फोन करा.

प्रश्न : कॉर्न स्नेकचं पिल्लू, दोन महिन्यांचं, पिंकी (उंदराचं नवजात पिल्लू) तोंडात धरतं आणि सोडून देतं. (म्युनिक)

उत्तर : पिंकी धुवून घ्या, साध्या कोमट पाण्याने, साबण नको. वास निघून गेला की बरीच पिल्लं लगेच गिळतात. नाहीच जमलं तर पाळलेल्या सरड्याची टाकलेली कात मिळवून तिचा चिमूटभर तुकडा पिंकीच्या नाकावर चिकटवा, जंगलात या पिल्लांची सुरुवात सरड्यांवरच होते. छोट्या भोकाच्या डब्यात टिश्यू पेपर घालून दोघांना रात्रभर एकत्र ठेवा, डबा टाकीच्या आतच उबदार बाजूला, आणि सकाळपर्यंत झाकण उचलून डोकावू नका.